"यांचं जमत नाही" असं प्रेक्षक म्हणतात तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं?

प्रश्न थोडक्यात असा: सकाळच्या बातम्यांच्या शोमध्ये नवी जोडी आली की आठवडाभरात "या दोघांचं जमत नाही", "जुनेच बरे होते" असा सूर लागतो. या मतांवर किती भरवसा ठेवायचा, आणि जिला सगळे केमिस्ट्री म्हणतात ती तपासायची कशी?

काहीतरी खटकतंय हे प्रेक्षकाला जवळपास नेहमी बरोबर कळतं. का खटकतंय हे सांगताना मात्र तो बहुतेक वेळा चुकतो. ठपका माणसावर येतो: तो उर्मट आहे, ती बनावट हसते. प्रत्यक्षात बिघाड पुष्कळदा खुर्च्यांच्या कोनात, टीपीवर (निवेदक वाचतो त्या टेलिप्रॉम्प्टरवर) टाकलेल्या मजकुरात, कानात सूचना देणाऱ्या इअरपीसमध्ये किंवा कामाच्या वाटणीत असतो. मतांवरून बिघाडाची जागा सापडते. कारण शोधायला रेकॉर्डिंगच लावून बसावं लागतं.

सकाळच्या शोबद्दल लोक इतके हळवे का असतात हे आधी पाहू. रात्रीच्या बुलेटिनमध्ये एक निवेदक बातम्या सांगतो आणि जातो. सकाळी दोघंजण दोन-तीन तास लाइव्ह असतात, अपघाताच्या बातमीवरून हवामानावर आणि तिथून पाहुण्यांच्या गप्पांवर येतात, आणि हे रोज चालतं. अमेरिकेत एनबीसीचा 'टुडे' १४ जानेवारी १९५२ रोजी सुरू झाला तेव्हा डेव्ह गॅरोवे निवेदक होते. पुढच्याच वर्षी त्यांच्या जोडीला जे. फ्रेड मग्ज नावाचा चिंपांझी आणला आणि लोक शोकडे वळले. बातमी काय यापेक्षा शेजारी कोण बसलंय याला महत्त्व येण्याची सुरुवात इतकी जुनी आहे. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या संशोधकांनी प्रेक्षकाच्या या एकतर्फी ओळखीला 'पॅरासोशल' असं नाव दिलं. पडद्यावरचा माणूस आपल्याला ओळखत नसतो, पण आपल्याला तो चांगला ओळखीचा वाटतो. अशा ओळखीच्या माणसाला कोणी टाकून बोललं, तर प्रेक्षकाला ते स्वतःला लागतं.

केमिस्ट्री दिसते ती बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर. चांगल्या जोडीत एकजण बोलत असताना दुसरा पुढची ओळ शोधत नसतो, ऐकत असतो. ते कळतं कशावरून? त्याचा पुढचा प्रश्न जोडीदाराच्या वाक्यातला शब्द उचलून येतो. वाईट जोडीत प्रत्येक वाक्य सुटं असतं. एक मधलं काढून टाकलं तरी पुढचं अडत नाही. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी अर्धी परीक्षा झाली.

दुसरी खूण वेळेची. साध्या संभाषणात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी सुमारे ०.२ सेकंदांचं अंतर असतं. हे अंतर दुप्पट-तिप्पट झालं की प्रेक्षकाला अवघडलेपण जाणवतं, मोजता आलं नाही तरी. स्टुडिओत हे अंतर वाढवणारी सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे इअरपीस. जोडीदार हलकासा विनोद करतोय आणि त्याच क्षणी पीसीआरमधून (कंट्रोल रूममधून) कानात येतं, "पुढची स्टोरी रद्द झाली, थेट ब्रेकवर जा." निवेदिकेचा चेहरा कोरा होतो. घरी बसलेल्याला कानातला आवाज ऐकू येत नाही. त्याला दिसतं ते एवढंच की तिने सहकाऱ्याच्या विनोदाकडे तुसडेपणाने दुर्लक्ष केलं. अशा तक्रारीवर उपाय निवेदिकेला हसायला शिकवणं हा नाही. प्रोड्यूसरने वाक्याच्या मध्ये बोलू नये, सूचना चार-पाच शब्दांत द्यावी, आणि वेळेची सूचना दोघांच्या कानात एकदमच द्यावी. एकालाच "आवर" सांगितलं की तो दुसऱ्याला तोडतो, आणि नाव त्याचं खराब होतं.

अंतर वाढवणारी दुसरी गोष्ट म्हणजे सॅटेलाइट. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. सिग्नल वर जाऊन खाली यायलाच जवळपास पाव सेकंद लागतो, शिवाय कोडिंगचा उशीर वेगळा. प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या वर गेलेलं असतं. एक निवेदक स्टुडिओत आणि दुसरा बाहेरगावी असला की उत्तम जोडीही एकमेकांच्या वाक्यांवर आपटते. २०२० मध्ये अनेक शोचे निवेदक घरून बोलत होते तेव्हा हेच झालं. अशा दिवसांत गप्पा कमी कराव्यात, नाव घेऊन प्रश्न सोपवावा आणि प्रश्नाचं शेवटचं वाक्य छोटं ठेवावं. त्या दिवसांची प्रेक्षकांची मतं वेगळ्या खात्यात टाकावीत. जोडी पारखायला ती उपयोगाची नाहीत.

आता नेहमीच्या तक्रारी घेऊ.

"तो तिला सारखा तोडतो." ही सर्वांत जास्त येणारी आणि मोजायला सर्वांत सोपी. पण मोजताना दोन प्रकार वेगळे करा. "हो, अगदी" असं बोलत्या वाक्याला दिलेला हुंकार म्हणजे तोडणं नव्हे. विषय स्वतःकडे खेचणं म्हणजे तोडणं. दुसऱ्या प्रकाराचं मूळ बहुधा रनडाउनमध्ये (शोच्या क्रमवार वेळापत्रकात) सापडतं: मुलाखतीचे प्रश्न दोघांकडे आहेत, पण कोणता कोणाचा हे ठरलेलंच नाही. मग ज्याची नोकरी जुनी तो आधी बोलतो. काही वेळा वाटणी ठरलेली असते आणि तीच अन्यायाची असते. एनबीसीच्या 'टुडे'मध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य निवेदक फ्रँक मॅगी यांनी असा नियम करून घेतला होता की वॉशिंग्टनमधल्या मोठ्या पाहुण्यांच्या मुलाखतीत पहिले तीन प्रश्न त्यांचे, बार्बरा वॉल्टर्स यांनी चौथ्यापासून सुरुवात करायची. वॉल्टर्स यांना सहनिवेदकाचं अधिकृत पद मिळालं ते १९७४ मध्ये, मॅगी यांच्या निधनानंतर. बाहेरून पाहणाऱ्याला अशा ठिकाणी "ती दबून वागते" असं दिसतं. दबलेली ती नसते, कागद तसा लिहिलेला असतो.

"बनावट हसतात." याचा दोष बहुतेक वेळा गप्पा टीपीवर लिहून देणाऱ्याकडे जातो. "आज थंडी जास्तच आहे, नाही का?" "हो ना, मी तर स्वेटर घालूनच आले!" हे टीपीवरून वाचलं की हसू अर्धा सेकंद आधी फुटतं, कारण पुढची ओळ दोघांनाही दिसत असते. एकेक ओळ आळीपाळीने वाचण्याची पद्धतही अशीच मारक. तीन वाक्यांची बातमी दोघांत वाटली की दोघंही वाचणारे होतात, ऐकणारा कोणीच उरत नाही. बातमी एकाने पूर्ण सांगावी. तिच्यानंतर रनडाउनमध्ये १२ ते १५ सेकंद मोकळे सोडावेत आणि टीपीवर फक्त विषयाचा एक शब्द आणि त्यानंतरच्या लिंकची (पुढच्या बातमीकडे नेणाऱ्या निवेदनाची) पहिली ओळ ठेवावी. मोकळ्या जागेत दोघं गप्प बसले तर गप्प बसू द्यावं. गंभीर बातमीनंतरची दोन सेकंदांची शांतता कुठल्याही गप्पांपेक्षा बरी.

"एकमेकांकडे बघत नाहीत." इथे माणसांना हात लावण्याआधी फर्निचर बघा. दोन्ही खुर्च्या कॅमेऱ्याकडे सरळ तोंड करून शेजारी-शेजारी असतील तर जोडीदाराकडे पाहायला मान पूर्ण वळवावी लागते. तीन तास कोणी ते करत नाही. खुर्च्या २० ते ३० अंश आत वळवल्या की नजर आपोआप मिळते. मॉनिटर कुठे ठेवलाय हेही तपासा. तो दोघांच्या मधोमध खाली असेल तर दोघंही सतत जमिनीकडे पाहताना दिसतात; तो कॅमेऱ्याच्या खाली हवा. शिवाय कोण कोणत्या कॅमेऱ्यात वाचणार हे उलटसुलट झालं असेल तर टू-शॉटमध्ये (दोघं एकत्र दिसतात त्या चौकटीत) दोघं विरुद्ध दिशांना पाहतात आणि भांडण झाल्यासारखं चित्र येतं.

"तिचा आवाज सहन होत नाही." ही तक्रार काळजीने वाचावी, कारण तिच्यात खरं आणि पूर्वग्रह दोन्ही मिसळलेले असतात. सकाळी लोक टीव्ही पाहतात त्यापेक्षा ऐकतात जास्त, म्हणून आवाजातली खोट लगेच पकडली जाते. कॉलर-टायवरचा माइक छातीच्या मधोमध बसतो. इतर कपड्यांवर तो बाजूला जातो, दुपट्ट्याला घासतो किंवा केसांखाली दबतो, आणि मान वळली की आवाज पातळ होतो. माइक वळण्याच्या बाजूला लावला, दोघांची पातळी हेडफोनवर न ऐकता साध्या टीव्हीच्या स्पीकरवर जुळवली, की यातल्या पुष्कळ तक्रारी थांबतात. जे उरतं ते बरेचदा बाईच्या आवाजाबद्दलचं जुनंच मत असतं. कपड्यांचंही तेच. ऑस्ट्रेलियात चॅनल नाइनच्या 'टुडे'चे कार्ल स्टेफानोविच यांनी वर्षभर जवळपास रोज एकच निळा सूट घातला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये ते सांगून टाकलं. कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. शेजारी बसणाऱ्या लिसा विल्किन्सन यांच्या कपड्यांवर मात्र लोकांचे शेरे येतच होते. पेहरावावरची मतं केमिस्ट्रीच्या हिशेबात धरू नयेत, हे सांगायला याहून नेमका पुरावा मिळणार नाही.

"ती नुसती शोभेला बसवलीय." स्टॉपवॉच घ्या. आठवडाभराचं बोलण्याचं प्रमाण ६०:४० च्या पलीकडे गेलं की प्रेक्षकाला ते जाणवायला लागतं, असा माझा ठोकताळा आहे. पण मिनिटं समान असूनही तक्रार येऊ शकते. शोचं पहिलं वाक्य कोणाचं, मंत्र्याला अवघड प्रश्न कोण विचारतं, ब्रेकिंग न्यूज आली की कॅमेरा कोणावर जातो, या तीन गोष्टी एकाच्याच वाट्याला असतील तर दुसऱ्याला पाककृतीची वीस मिनिटं देऊन तोल साधत नाही.

जमणं म्हणजे गोडवा, असंही धरून चालू नका. ब्रिटनमध्ये आयटीव्हीच्या 'गुड मॉर्निंग ब्रिटन'वर पिअर्स मॉर्गन आणि सुझॅना रीड यांची जोडी खटक्यांवरच उभी होती. तो रेटून बोलणार, ती वेळेवर एका वाक्यात हवा काढणार, हे प्रेक्षकाला माहीत असायचं आणि त्यासाठीच तो बसायचा. मार्च २०२१ मध्ये मेगन मार्कलबद्दलच्या मॉर्गन यांच्या बोलण्यावर ऑफकॉम या नियामकाकडे ५० हजारांहून अधिक तक्रारी गेल्या. ९ मार्चला सहकारी अ‍ॅलेक्स बेरेसफर्ड यांनी ऑन एअर सुनावल्यावर मॉर्गन सेटवरून उठून गेले आणि त्याच दिवशी त्यांनी शो सोडला. त्या दिवशी या शोने बीबीसीच्या 'ब्रेकफास्ट'ला प्रेक्षकसंख्येत पहिल्यांदा मागे टाकलं. ज्यांनी आकड्यांवरून पसंती ठरवायची सवय लावून घेतली आहे, त्यांनी हे उदाहरण भिंतीवर लावावं. बघणं वेगळं, आवडणं वेगळं.

पसंती मोजायची जुनी साधनं आहेत आणि प्रत्येकाची मर्यादा वेगळी आहे. अमेरिकेत क्यू स्कोअर वापरतात. लोकांना आधी विचारतात, या व्यक्तीला ओळखता का; ओळखत असल्यास "माझ्या अत्यंत आवडत्यांपैकी" ते "वाईट" यांतला पर्याय निवडायला सांगतात. ओळखणाऱ्यांपैकी किती टक्क्यांनी पहिला पर्याय दिला तो आकडा म्हणजे स्कोअर. समजा ६० टक्के लोक ओळखतात आणि एकूण १८ टक्क्यांची ती व्यक्ती अत्यंत आवडती आहे, तर स्कोअर ३०. नव्या निवेदकाला ओळखणारेच थोडे, त्यामुळे त्याचा सुरुवातीचा स्कोअर वरखाली उड्या मारतो. दुसरं असं की हा स्कोअर एकेका माणसाचा असतो, जोडीचा नसतो. तीसच्या वरची दोन माणसं शेजारी बसवली म्हणजे जोडी तयार झाली, हा हिशेब अनेकदा तोंडघशी पडला आहे.

डायल चाचणीत पाहणाऱ्याच्या हातात फिरवायची मूठ असते आणि तो क्षणोक्षणी आवड-नावड नोंदवतो. हिचं मूळ रूप १९३० च्या दशकाच्या अखेरीस पॉल लाझार्सफेल्ड आणि सीबीएसचे फ्रँक स्टँटन यांनी रेडिओसाठी बनवलं: हिरवं बटण आवडलं, लाल नावडलं. जोडी तपासायला हे साधन चांगलं, कारण एकाकडून दुसऱ्याकडे टॉस होतो, म्हणजे बोलण्याची पाळी सोपवली जाते, त्या सेकंदाला रेषा कुठे जाते ते दिसतं. मात्र बंद खोलीत लक्ष देऊन पाहणारा माणूस आणि दात घासत घासत ऐकणारा माणूस यांत फरक असतो. मिनिटागणिक टीआरपीचं म्हणाल तर त्यातली घसरण ब्रेकमुळे आहे, प्रतिस्पर्ध्याकडे मोठी बातमी लागल्यामुळे आहे की शाळेची वेळ झाल्यामुळे, हे वेगळं केल्याशिवाय निवेदकाच्या माथी काही मारू नये. तुलना मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी करावी.

कारण आणि घटनाक्रम यांची गल्लत कशी होते ते एनबीसीच्या 'टुडे'च्या सहनिवेदक अ‍ॅन करी यांच्या प्रकरणात दिसतं. "करींना काढलं म्हणून 'टुडे' घसरला" असं सर्रास म्हटलं जातं. १९९५ च्या अखेरीपासून सलग पहिला असलेला 'टुडे' प्रतिस्पर्धी 'गुड मॉर्निंग अमेरिका'च्या मागे पडला तो एप्रिल २०१२ मध्ये. करींनी डोळ्यांत पाणी आणून निरोप घेतला तो २८ जून २०१२ रोजी. घसरण आधीच सुरू होती. निरोपाने ती आणखी खोल केली आणि रोष त्यांचे जोडीदार मॅट लाउअर यांच्याकडे वळवला. हा रोषाचा नियम जवळपास पक्का आहे: हटवलेल्याबद्दल सहानुभूती, आणि शिक्षा व्यवस्थापनाला न होता समोर बसलेल्याला. १९८९-९० मध्ये याच शोमधून सहनिवेदक जेन पॉली गेल्या तेव्हा तीच शिक्षा त्यांच्या जागी आलेल्या डेबोरा नॉर्व्हिल यांना झाली. १९९१ मध्ये केटी कुरिक आल्यावर शो सावरला.

आयती जोडी उचलून आणणंही धोक्याचं. एड्रियन चाइल्स आणि क्रिस्टीन ब्लीकली बीबीसीच्या संध्याकाळच्या 'द वन शो'वर लोकप्रिय होते. आयटीव्हीने त्यांना सकाळच्या 'डेब्रेक'साठी नेलं, शो ६ सप्टेंबर २०१० ला सुरू झाला, आणि २०११ संपायच्या आत दोघांनाही तिथून जावं लागलं. माणसं तीच, रसायनही तेच. पण संध्याकाळी सातला चालणारी तिरकस थट्टा पहाटे सहाला चिडचिड वाटते. त्याहून जुनं उदाहरण १९८३ चं. टीव्ही-एएम हे ब्रिटनचं सकाळचं चॅनल फेब्रुवारीत डेव्हिड फ्रॉस्ट, अँजेला रिपन, अ‍ॅना फोर्ड, मायकेल पार्किन्सन आणि रॉबर्ट की अशी पाच मोठी नावं घेऊन उतरलं. दोन आठवडे आधी बीबीसीने सोफ्यावर स्वेटर घातलेले फ्रँक बॉफ आणि सेलिना स्कॉट बसवले होते. लोक सोफ्याकडे गेले, आणि टीव्ही-एएमला पुढे सावरलं ते रोलंड रॅट नावाच्या उंदराच्या बाहुलीने. (चिंपांझीनंतर उंदीर. या धंद्यात प्राण्यांचं योगदान कमी लेखू नये.)

बदल पचतो तो ओळखीच्या माणसामुळे. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या 'टुडे'मधून लाउअर यांना तडकाफडकी काढलं तेव्हा तयारीला वेळच नव्हता, तरी त्यांच्या सहनिवेदक सव्हाना गथ्री यांच्या शेजारी होडा कॉटबी चालून गेल्या, कारण त्या २००७ पासून त्याच शोच्या शेवटच्या तासात दिसत होत्या. कॉटबींनी आपलं जाणं सप्टेंबर २०२४ मध्येच सांगितलं, जानेवारी २०२५ मध्ये त्या गेल्या आणि जागेवर आले ते क्रेग मेल्विन, म्हणजे पुन्हा घरचाच माणूस. नव्या निवेदकाला आधी काही महिने बदली म्हणून, मग एका छोट्या सदरात, मग मुख्य खुर्चीत आणावं. पहिले सहा आठवडे दोघांच्याही रजा बंद. जोडी रोज मोडली तर प्रेक्षकाने मत कशावर बनवायचं?

स्वतः तपासायचं असेल तर एकाच आठवड्याचे पाच भाग घ्या. प्रत्येकाचा पहिला अर्धा तास आवाज बंद करून पाहा: न बोलणारा कुठे बघतो, मान कधी डोलते, कागद कधी चाळतो. मग तोच भाग चित्र न पाहता ऐका: अडखळणारं अंतर, एकदम बोलणं, नाव घेऊन बोलणं. टॉस मोजा, आणि त्यांतले किती जोडीदाराचा शब्द उचलून झाले ते लिहा. चुकीचा क्षण मुद्दाम शोधा, म्हणजे नाव चुकलं, व्हिडिओ लागलाच नाही. तिथे दुसऱ्याने सावरलं की हात वर केले? या एका क्षणातून तासाभराच्या गप्पांपेक्षा जास्त कळतं.

प्रतिक्रिया वाचताना एकाच माणसाच्या दहा एकदाच धरा. पहिल्या दोन आठवड्यांच्या वेगळ्या ठेवा, त्या नव्या जोडीबद्दल नसतात, जुनी गेल्याबद्दल असतात. "आवडत नाही" हे शंभरदा आलं तरी त्यातून दुरुस्ती निघत नाही. "हवामानाच्या आधी तो तिला वाक्य पूर्ण करू देत नाही" हे एकदा आलं तरी लगेच ते मिनिट काढून बघा.

खुर्च्या, कान, कागद, माइक सगळं दुरुस्त करून तीन महिने झाले आणि तरी शब्द उचलला जात नसेल, तर ती जोडी खरोखर जमत नाही. तेव्हाही लगेच कोणाला काढू नये. हवामानाच्या किंवा खेळाच्या निवेदकाला तिसरा म्हणून सोफ्यावर आणा, मोठ्या मुलाखती एकेकट्याने करायला द्या, आणि दोघांना सलग एकत्र ठेवायचं ते फक्त हेडलाइन्सपुरतं.